सांगलीतले फास्ट बॉलिंगचे नेट्स

विश्रामबागला पोराला नेट्सला घातलंय, लेफ्ट आर्म फास्ट टाकतो. सर लय भारी आहेत, नुसतं स्पीड स्पीड करत नाहीत. झहीर खानचं उदाहरण देतात, आपल्या श्रीरामपूरचा माणूस, २००६ ला टीमबाहेर असताना इंग्लंडमधल्या वूस्टरशायरकडनं काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक क्रिकेट खेळला, रनअप छोटा केला, कंट्रोल आणला आणि मग २०११ च्या वर्ल्डकपला २१ विकेट काढल्या की राव, टेस्टमध्ये तर ३११! ते ऐकल्यापासनं पोरगं रनअप मोजून टाकतंय, नो बॉल कमी झालेत आणि पाठ दुखते म्हणून रडणं पण बंद. आधी व्यायाम, मगच बॉल हातात. फक्त पिच मॅटचं आहे, एखादं मातीचं करायलाच पाहिजे, आणि पावसाळ्यात नेट्स बंद असतात तेव्हा फीचं आधीच विचारून घ्या.