शेवाळाचं टॉनिक लॉनवर तपासून पाहिलं: खताच्या जोडीला चालेल, खताऐवजी नाही

समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून मिळणारं आम्ल) आणि थोडं लोह असलेलं हे द्रव टॉनिक. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'खत निम्म्यावर आणा'. दावा मोठा आहे, म्हणून हरळीच्या लॉनवर दोऱ्या बांधून पट्टे आखले: एकाला नुसतं पाणी, एकाला पूर्ण युरिया, एकाला अर्धा, एकाला अर्धा युरिया आणि टॉनिक, एकाला फक्त टॉनिक. आणखी एका पट्ट्याला अर्ध्या युरियासोबत टॉनिकात असतं तेवढंच लोह, फेरस सल्फेटमधून. माझ्या मते सगळी चाचणी या पट्ट्यावर उभी आहे. लोह फवारलं की गवत काही दिवसांतच गडद होतं आणि श्रेय शेवाळाला मिळतं. सावली आणि उताराने फसगत होऊ नये म्हणून हे सगळे पट्टे क्रम बदलून लॉनच्या दुसऱ्या भागातही आखले.

पूर्ण मात्रा म्हणजे चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे साधारण 11 ग्रॅम युरिया. टाकल्यावर लगेच पाणी दिलं, नाहीतर पाती करपतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं. रंग आणि दाटपणाला 1 ते 9 गुण दिले. टर्फच्या, म्हणजे लॉनच्या गवताच्या चाचण्यांत हीच पद्धत आहे, 6 म्हणजे किमान पसंतीस उतरणारं. वाढ मात्र नजरेवर सोडली नाही. प्रत्येक पट्ट्याचं कापलेलं गवत वेगळं वाळवून तोललं.

नुसत्या टॉनिकच्या पट्ट्यातलं गवत वजनात पाण्याच्या पट्ट्याइतकंच भरलं. बाटलीतलं नत्र नगण्य आहे, वाढ येणार कुठून? पूर्ण युरियाने गवत भरभर वाढलं, पण कापणीचं काम वाढलं आणि दाटपणा त्या मानाने आला नाही. रंगात 'अर्धा युरिया आणि टॉनिक' हा पट्टा लोहाच्या पट्ट्याशी बरोबरीत राहिला.

फरक दिसला तो कडक उन्हात, पाण्याच्या पाळ्या लांबवल्यावर. इतर पट्ट्यांवर पाऊल उमटून तसंच राहायचं, टॉनिकवाल्या पट्ट्यात पाती पुन्हा उभी राहायची. मातीचा गोळा काढून पाहिला तर पांढरी मुळंही जास्त दिसली. हे मला मनापासून आवडलं.

तक्रार लेबलबद्दल आहे. लोहाचं प्रमाण छापलंय, पण शेवाळ कोणतं आणि अर्कात घनभाग किती, याचा पत्ता नाही. शिवाय जड पाण्यात ह्युमिकचा गाळ बसतो आणि नोझल तुंबतो. द्रावण गाळूनच पंपात भरावं लागतं.

उन्हाचा ताण येण्याआधी फवारायला मी ही बाटली पुन्हा घेईन. केवळ रंगासाठी घेणार असाल तर फेरस सल्फेट पुरे. फक्त ते फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग सहजासहजी निघत नाहीत.