क्लायंबरचा खालचा भाग आणि सॅडल: आवाज मारायच्या रबरी पट्ट्यांचा रिव्ह्यू

मिशिगनमध्ये बोने (धनुष्यबाणाने) हरणाची शिकार करणारे आपले मराठी लोक अगदीच कमी नाहीत, आणि झाडावरच्या स्टँडचा, म्हणजे मचाणाचा, आवाज कसा कमी करायचा ते त्यातल्या दोघातिघांनी विचारलं म्हणून हे सविस्तर लिहितोय. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा विषय संपला, तेव्हा हे सगळं इथे अमेरिकेत रीतसर लायसन्स काढून जाणाऱ्यांसाठी आहे.

रिव्ह्यू आहे तो आवाज मारायच्या, म्हणजे दाबून टाकायच्या, रबरी पट्ट्यांच्या किटचा. मागे चिकट असतं, वरून खरखरीत जाड रबर, आणि ती स्टँडच्या धातूवर चिकटवायची. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असा माल बरेच जण विकतात आणि हातात घेतला तर फार फरक जाणवत नाही. मी त्या लावल्या क्लायंबर स्टँडच्या फक्त खालच्या भागाला, कारण वरचा भाग मी नेतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लायंबर म्हणजे दोन तुकड्यांचं मचाण, खालच्यावर पाय, वरच्यावर बसायचं, आणि सुरवंटासारखं एक तुकडा वर सरकवत दुसरा ओढत झाडावर चढायचं. समिट वायपरसारखा नेहमीचा अल्युमिनियमचा क्लायंबर घेतला तर 20 पाउंडांच्या घरात जातो, आणि सीट, हाताचे बार वगैरे सगळं लटांबर वरच्या तुकड्यात असतं. सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांखाली येणारं मजबूत कापडाचं आसन, त्याचा ब्रिज (पुढून येणारी छोटी दोरी) टेदरला, म्हणजे झाडाला बांधायच्या दोरीला, अडकवायचा आणि टेदर झाडाला गुंडाळायचा, मग तुम्ही झाडाकडे तोंड करून निवांत लटकता. तर सॅडल असताना वरच्या तुकड्याची गरजच काय, तो घरी ठेवा, टेदर वर सरकवा, सॅडलमध्ये बसा, पायांनी प्लॅटफॉर्म (तोच खालचा तुकडा) उचलून वर लावा, उभे राहा, परत टेदर वर. ओझं बरंच कमी होतं, स्टिक्सचं (झाडाला बांधायच्या शिडीच्या तुकड्यांचं) बोचकं वागवायला नको, आणि वर गेल्यावर पाय ठेवायला सॅडलवाल्यांच्या त्या छोट्या प्लॅटफॉर्मपेक्षा ऐसपैस जागा मिळते. मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर झाडाच्या सालीत स्क्रू किंवा खिळा घालायला बंदी आहे, तीही भानगड इथे येत नाही.

सगळं छान, पण आवाज. अल्युमिनियमच्या पोकळ नळ्या म्हणजे जरा कुठे बकल आपटलं की टण्ण. व्हाइटटेल हरणाचे कान साधारण 4 ते 8 किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतात, म्हणजे पानांची सळसळ, फांदी हलणं याला ते सरावलेलं असतं पण धातूचा बारीक उंच आवाज आला की मान वर आणि शेपटी ताठ. जंगलात तसा आवाज करणारं दुसरं काही नसतंच ना. आणि सॅडलमध्ये तुम्ही सारखे हलत असता, झाडाभोवती पाय फिरवून मागच्या बाजूला वळायचं हाच तर सॅडलचा फायदा, म्हणून प्लॅटफॉर्मवर बुटाची प्रत्येक हालचाल ऐकू जाते. सीटवर पाठ टेकून बसणाऱ्याला हा त्रास तेवढा होत नाही.

लावायचं काम सोपं आहे पण घाई करायची नाही. आधी रबिंग अल्कोहोलने पुसून घ्या, जुना स्टँड असेल तर दोनदा पुसा, कारण हाताचा घाम आणि झाडाचा चीक त्या नळ्यांवर बसलेला असतो आणि त्यावर काहीच नीट चिकटत नाही. मग पट्टी कापताना कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा कपड्यात अडकून पहिला तोच सुटतो. लावल्यावर हेअर ड्रायरने गरम करून अंगठ्याने दाबत जायचं. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करावं, गॅरेज तापलेलं असतं तेव्हा चिकट नीट धरतं आणि रबराचा नवा वासही सीझनपर्यंत उडून जातो. ऑक्टोबरच्या 1 तारखेला आर्चरी (बोच्या शिकारीचा सीझन) चालू होते, त्याच्या आदल्या रात्री हे करायला बसलात तर पट्टीही नीट धरणार नाही आणि स्टँडला टायरच्या दुकानाचा वास.

निकाल कसा बघायचा तर प्लॅटफॉर्म दोरीने गॅरेजच्या छताला टांगा आणि किल्लीने जागोजागी टकटक करा. पट्टीच्या आधी आवाज लांबत जातो, नळी वाजत राहते. पट्टी लावल्यावर तिथेच फक्त 'टप' असा मेलेला आवाज येतो. यात किटला पूर्ण मार्क, खरंच फरक पडतो. गंमत म्हणजे सगळीकडे चिकटवायची गरजही नाही. पुढचा बार, दोन्ही बाजूच्या नळ्यांचा वरचा अर्धा भाग, झाडाच्या मागून फिरणारी केबल जिथे आत जाते तिथला ब्रॅकेट बाहेरून, आणि पाठीला बांधल्यावर जिथे बकल लागतं ती जागा, एवढं झालं की बहुतेक ठणठणाट गेला. किटमध्ये पट्ट्या भरपूर येतात म्हणून लोक पूर्ण स्टँड मढवून टाकतात, वजन वाढतं आणि वेल्डिंगचे जोड दिसेनासे होतात. वेल्ड उघडा राहिलाच पाहिजे, दर वर्षी तिथे बारीक चीर आहे का ते बघायचं असतं.

पाय ठेवायच्या धातूच्या पट्ट्यांवर मात्र मला हे रबर नाही आवडलं. कोरडं असताना पकड मस्त, पण वर ओली पानं किंवा बर्फाचा पातळ थर बसला की घसरतं. तिथे मी खरखरीत ग्रिप टेप लावली, पायऱ्यांवर लावतात ती, आणि बुटाच्या कडेला जिथे नळी लागते तिथे पॅराकॉर्ड (नायलॉनची बारीक दोरी) घट्ट गुंडाळली. पॅराकॉर्ड स्वस्त, वास नाही, सुटली तर परत बांधता येते. हॉकीची कापडी टेपही वापरून बघितली, पहिल्या पावसापर्यंत उत्तम, नंतर पाणी पिऊन फुगते आणि गोठली की लाकडासारखी कडक.

आता या किटच्या हद्दीबाहेरची गोष्ट. पट्टी फक्त आपटण्याचा आवाज मारते, कुरकुर मारत नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकल्यावर जो 'कर्रर्र' येतो तो सांध्यातून, बोल्ट आणि तो ज्या भोकाच्या पत्र्यातून जातो त्याच्या मधून येतो, बाहेरून कितीही रबर लावा तो राहणारच. त्यासाठी सांधा उघडून बोल्ट पुसून मधमाशीच्या मेणाचा हलका हात द्यायचा आणि हलणाऱ्या दोन पत्र्यांच्या मध्ये पातळ नायलॉन वॉशर. तेलाचा स्प्रे मारू नका, वास आठवडेच्या आठवडे जात नाही. आणि वॉशर घातल्यावर बोल्टचा आटा नटच्या बाहेर आलेला दिसलाच पाहिजे, नसेल दिसत तर वॉशर काढा. बोल्ट जो कंपनीने दिलाय तोच, लॉकनट तोच. आवाज कमी होतो म्हणून बोल्टच नायलॉनचा टाकणारे लोक आहेत, त्यांना माझा हात जोडून नमस्कार, असलं काही करू नका. तुम्ही 20 फुटांवर आहात.

इथे माझं मत अगदी ठाम आहे. ज्या भागावरून तुमचं वजन झाडाकडे जातं त्याला हात लावायचा नाही. भोक पाडायचं नाही, वेल्ड करायचं नाही, कापायचं नाही. कंपन्या स्पष्ट लिहितात की स्टँडमध्ये फेरफार करू नका, आणि खालचा भाग एकटा सॅडलबरोबर वापरणं हेसुद्धा त्यांच्या सांगण्याबाहेरचंच आहे, हे समजून उमजून करायचं. पट्टी, पॅराकॉर्ड, मेण हे वरवरचं आहे, उद्या काढून टाकता येतं, म्हणून ते चालतं.

केबलचंही तेच. बऱ्याच जणांना केबलवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवायचा मोह होतो कारण चढताना ती सालीवर घासते आणि ब्रॅकेटमध्ये खडखडते. मी नाही चढवत. केबलवर कंपनीचं प्लास्टिक असतंच, त्यावर आणखी एक बंद नळी घातली तर आत पाणी राहून तार गंजली किंवा एखादा धागा तुटला तरी कळणार नाही, आणि केबल अडकवायची पिन बसते त्या भागावर जाडी वाढली तर पिन नीट बसत नाही. केबल काढून त्या जागी डायनीमाची (एका मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी लावणारेही आहेत. दोरी ताकदीला भरपूर असते, शांतही असते, पण केबलचा ताठपणा हाच तिचा खरा उपयोग आहे, ती ढकलली की झाडाच्या मागून आपोआप वर सरकते, दोरी लोळते आणि मग अंधारात झाडाला मिठी मारून ती सारखी करत बसा. खडखड थांबवायला केबलचं मोकळं टोक मऊ वेल्क्रोच्या पट्ट्याने नळीला बांधलं की झालं, जंगलात चालत जातानाचा बहुतेक आवाज तिथूनच येत होता.

सॅडलवाल्यांनी अजून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्लायंबरचा प्लॅटफॉर्म झाडाला धरतो तो तुमच्या वजनाने, बाहेरच्या टोकावर भार आला की झाडाकडच्या कडेचे दात सालीत रुततात आणि मागून केबल ताणली जाते. सॅडलमध्ये तुमचं अर्धंअधिक वजन टेदरवर असतं. प्लॅटफॉर्मवर भार कमी, आणि जो आहे तोही आडवा, कारण तुम्ही पायाने झाडाभोवती रेटा देता. मग दात थोडे सुटतात, प्लॅटफॉर्म कणभर फिरतो आणि 'खट्ट' असा आवाज येतो, तो पट्टीने जाणार कसा? वर पोचल्यावर प्लॅटफॉर्मच्या मागच्या भागाला, दातांच्या जवळून, एक कॅम बकलचा (ओढला की आवळून धरणाऱ्या बकलचा) पट्टा झाडाला घट्ट आवळायचा. तो पट्टा लावल्यापासून फिरणंही बंद आणि खट्टही बंद. बकलवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की त्याचाही आवाज नाही. खरं सांगायचं तर पैसे एकाच गोष्टीवर टाकायचे असतील तर आधी हा पट्टा घ्या, रबरी किट नंतर.

चढताना पाय प्लॅटफॉर्मला धरून ठेवायला जे रबरी बंद असतात ते शाबूत पाहिजेत, आणि प्लॅटफॉर्मला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक सॅडलला, म्हणजे पायातून निसटला तरी तळाशी जाऊन पडणार नाही. जमिनीवरून पहिलं पाऊल उचलल्यापासून परत खाली येईपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेले असलेच पाहिजेत, टेदर कायम डोक्याच्या आसपास आणि ताणलेला, मध्ये झोल नाही. फांदी ओलांडायची वेळ आली तर आधी लाइनमन बेल्ट (कमरेपासून झाडाभोवती फिरवायची दुसरी दोरी) लावा, मगच टेदर सोडा. टेदरवर मी धातूच्या असेंडरऐवजी (दोरीवर सरकणाऱ्या चापाऐवजी) प्रुसिकची गाठ वापरतो, एका हाताने सरकते आणि टिकटिक करत नाही.

पट्ट्या टिकतात किती? सीझनच्या शेवटी, डिसेंबरच्या थंडीत, पाठीला घासणाऱ्या बाजूच्या दोन पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी आहेत. उचललेली कड उन्हाळ्यात काढून, जुनं चिकट पुसून परत लावायची, किटमध्ये उरलेला माल त्यासाठी पुरतो. किंमत मला जरा जास्तच वाटते, एवढ्याशा रबराला एवढे पैसे. अर्ध्या लांबीचं किट विकलं तर खालचा भाग एकटा वापरणाऱ्यांना पुरेल, पण तसं मला कुठे मिळालं नाही, म्हणून दोघांनी मिळून एक घ्यावं.

मार्क द्यायचे तर 5 पैकी 4. आपटण्याच्या आवाजासाठी यापेक्षा चांगलं मला काही मिळालेलं नाही. एक मार्क कापला तो किमतीसाठी आणि ओल्यात पायाखाली घसरतं म्हणून.

आणि झाड बघून चढा, कारण सालीच्या आवाजाला कुठलंही किट नाही. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यासारखी सुटलेली असते, दात लागले की तुकडे पडतात आणि खालच्या सुक्या पानांवर त्यांचा पाऊस. बीच झाडाची साल गुळगुळीत, त्यावर दात धरत नाहीत, गोठलेलं असेल तर जाऊच नका. ॲस्पेन किंवा रेड पाइन, सरळ, खाली फांद्या नसलेलं झाड मिळालं तर दात मऊ सालीत शांतपणे बसतात. उजाडायच्या बरंच आधी पोचून सावकाश चढायचं, प्रत्येक टप्प्यावर थांबून कान द्यायचा, आणि वर गेल्यावर पट्टा आवळून बो दोरीने वर ओढून घेतला की मग तासभर हलायचंच नाही.