ताडोब्यात निकॉन १८०-६००: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात निकॉनची झेड १८०-६०० एमएम लेन्स घेतली. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर (जंगलाचा गाभा) बंद असतो, म्हणून सुरुवात बफरपासून, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यापासून झाली: आगरझरी, देवाडा, जुनोना. ऑक्टोबरनंतर कोअरची मोहर्ली आणि कोलारा ही गेटं. आता कोअर पुन्हा बंद व्हायची वेळ आली आहे. म्हणजे हिरवं, पिवळं आणि करपलेलं, अशी तिन्ही रूपं या लेन्समधून बघून झाली. कॅमेरा निकॉनचाच झेड ८. आधी लेन्सच्या दोन गोष्टी सांगते, कारण वाघाच्या फोटोत त्यांचा किती उपयोग होतो हे वापरल्यावरच कळतं.

पहिली, झूम करताना लेन्सची लांबी बदलत नाही. ताडोब्याचे कच्चे रस्ते मार्चपासून असे उडतात की पुढच्या जिप्सीचा धुरळा खाली बसेपर्यंत तुम्ही त्यात शिरलेले असता. नळी बाहेर येणारी लेन्स प्रत्येक झूमला हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. इथे नळी जागची हलत नाही. संध्याकाळी ब्रश आणि ब्लोअर फिरवला, समोरची काच पुसली, की काम झालं. शिवाय झूम केल्यावर वजन पुढे सरकत नाही, त्यामुळे बीन बॅगवर (गाडीच्या कठड्यावर लेन्स टेकवायची पिशवी) ठेवलेली लेन्स नाक खाली करत नाही.

दुसरी, झूमची रिंग फक्त ७० अंश फिरते. १८० ते ६०० एकाच मनगटाच्या वळणात, पकड न बदलता. वाघीण रस्त्यावरून थेट आपल्याकडे चालत येते तेव्हा हीच गोष्ट फोटो वाचवते. हिशेब साधा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएमला ५० मीटरवर सुमारे ३ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे आडवा उभा असलेला वाघ नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम. तोच २० मीटरवर आला की ६००ला फक्त १.२ मीटर मावतं, म्हणजे चेहरा आणि खांदे. मागे १८०वर आलात तर त्याच अंतरावर ४ मीटर मिळतात आणि पूर्ण वाघ पुन्हा फ्रेममध्ये येतो. ५०वरून २० मीटरवर यायला वाघाला अर्धा मिनिटही लागत नाही. ड्रायव्हरदादा तेवढ्यात गाडी रिव्हर्स घेत असतात. अशा वेळी हात लेन्सवरून उचलावा लागत नाही, हे मला कुठल्याही शार्पनेस चाचणीपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि खरं सांगू का, मला आवडलेले बहुतेक फोटो ६००चे नाहीतच. ते २०० ते ३०० एमएमच्या दरम्यानचे आहेत, जिथे सागाची पानगळ दिसते, पळस फुललेला दिसतो, पाणवठ्याच्या काठाचा चिखल दिसतो. चेहऱ्याने भरलेली फ्रेम कुठल्याही जंगलातली असू शकते. ‘लांब लेन्स हवी’ म्हणून या लेन्सकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते, की ६०० अवश्य वापरा, पण ती घ्यावी १८० ते ६०० या संपूर्ण पल्ल्यासाठी. वाघ अगदी जिप्सीजवळून गेला तर १८०सुद्धा जास्त होतं. त्यासाठी दुसऱ्या बॉडीवर छोटी झूम असेल तर उत्तम, कारण त्या धुरळ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ ओतणं आहे.

आता प्रकाश. पूर्ण झूमला ही लेन्स एफ ६.३ आहे; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी आत येतो. थंडीत गेट उघडल्यानंतरचा पहिला तास जंगलात राखाडी अंधार असतो आणि वाघ तेव्हाच रस्त्यावर असतो. एफ ४ची प्राइम लेन्स (झूम नसलेली) जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २५००वर ठेवून काम करेल, तिथे हिला ६४०० लागतो. चालत्या वाघाला मी शटर १/६४०च्या खाली नेत नाही. तो बसलेला असेल तर लेन्सच्या स्थिरीकरणावर विसंबून १/१२५पर्यंत जाते, पण त्याआधी गाडीचं इंजिन बंद करायला सांगते. चालू इंजिनाची थरथर पूर्ण शोषून घेणारी यंत्रणा मी अजून पाहिलेली नाही. झेड ८च्या फाइली ६४००ला नीट साफ करता येतात, मिशांचे केस टिकतात. १२८००ला मात्र पट्ट्यांमधली मऊ लव सपाट होते. पहाटेचं जंगल हेच तुमचं मुख्य काम असेल, तर प्राइमला पर्याय नाही. तिची किंमत मात्र हिच्या कित्येक पट असते.

ऑटोफोकसबद्दल बरंच लिहिता येईल. मोकळ्या रस्त्यावर प्राणी ओळखणारी यंत्रणा वाघाचा डोळा पटकन पकडते आणि सोडत नाही. अडचण बांबूची. ताडोब्यात बांबू सगळीकडे, आणि पावसाळी बफरमध्ये त्यात उंच गवताची भर. वाघ आडोशाला असला की फोकस पुढच्या काडीवर जाऊन बसतो. म्हणून मी दोन बटणं वाटून घेतली आहेत: एकावर डोळ्याचा शोध, दुसऱ्यावर एकच छोटा बिंदू. आडोशातून दिसणाऱ्या वाघाला नेहमी दुसरं. लेन्सवरचा फोकस मर्यादेचा स्विच ‘६ मीटर ते अनंत’वर ठेवला की फोकस उगाच गाडीच्या दांडीपर्यंत येऊन परत जात नाही. गाईडताईंनी ‘कॉल’ (वाघ पाहून इतर प्राण्यांनी दिलेली धोक्याची हाक) म्हणून हात वर केला की मी आधी लेन्स कॉलच्या दिशेच्या एखाद्या झाडावर फोकस करून ठेवते. चितळ ओरडतंय, वानर खोकतंय, आणि वाघ बाहेर येतो तेव्हा फोकसला फारसं अंतर कापावं लागत नाही.

झेड ८चा आवाज न करणारा शटर हा वेगळा आनंद आहे. पाण्यात बसलेल्या वाघिणीचे कान आपल्या दिशेला वळत नाहीत. उन्हात मी एक्सपोजर पाऊण स्टॉप कमी, म्हणजे फोटो थोडा गडद ठेवते. भुवयांवरचे पांढरे ठिपके एकदा जळाले की परत मिळत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. वाघ पाणवठ्याला हमखास येतो, म्हणून सगळे तेव्हाच जातात. पण सकाळी नऊनंतर तापलेल्या रस्त्यावरून हवा थरथरते आणि लांबवरचा वाघ ६००ला कधीच धारदार येत नाही. दोष लेन्सचा नाही, त्या हवेचा आहे. त्या वेळी दूरचे फोटो काढत बसण्यापेक्षा सावलीतल्या पाणवठ्यावर थांबावं. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायचं पल्ला वाढवणारं भिंग) लावला तर पल्ला ८४०पर्यंत जातो, पण एफ ९ होतं आणि थरथरही तितकीच मोठी दिसते. ताडोब्यात मी तो बॅगेतच ठेवते. पावसाळ्यातला त्रास उलटा: एसी खोलीतून थेट बाहेर आलात की काचेवर वाफ धरते. बॅग अर्धा तास आधी व्हरांड्यात ठेवावी.

वजन कॉलरसह (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासह) सुमारे २.१ किलो. हातात धरून तासभर शक्य आहे, पूर्ण सफारी नाही. बीन बॅग रिकामी न्या आणि मुक्कामी पोचल्यावर तांदळाने भरा. कॉलरचा पाय आर्का पद्धतीचा (बहुतेक ट्रायपॉडच्या खाचेत थेट बसणारा) नाही, ट्रायपॉड वापरणाऱ्यांना वेगळी प्लेट लागेल. जिप्सीत ट्रायपॉडचं काही काम नसतं, म्हणून माझं काही अडलं नाही.

एक गोष्ट मनापासून. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ते व्हिडिओ पाहून मला संताप आला, अजूनही येतो. हातात ६०० एमएम असलेल्या माणसाला ‘दादा, अजून थोडं पुढे घ्या’ म्हणायचं काहीच कारण उरत नाही. मी आता गाडी निघतानाच सांगते की वाघाची वाट मोकळी ठेवा, मला लांबूनही फोटो मिळतो. बहुतेक ड्रायव्हरना हे ऐकून बरं वाटतं, कारण दंड आणि बंदी त्यांच्यावर येते, पर्यटक घरी निघून जातो.

झेड बॉडी आधीच असेल आणि वर्षातून दोन-तीनदा जंगलात जात असाल, तर ही घ्या. एकदाच ताडोब्याला जाणार असाल, तर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत ती मिळते. सफारीच्या दोन दिवस आधी हातात येईल असं बघा आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बटणांचा सराव करा. गेटवर मोठ्या लेन्सचं शुल्क वेगळं असतं, बुकिंगच्या वेळीच चौकशी करून ठेवा.