सगळे आयकॉन गोल की आपापल्या आकाराचे? न्यूमिक्स सर्कल आणि पॅपिरस, दुकानात वापरून

बेळगावात शहापूरला माझं छोटं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पहाणी (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) काढून देणं, मधूनच कुणाच्या लग्नपत्रिकेचं टायपिंग. तीन मशिनं, तिन्हीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. मिंटचे स्वतःचे आयकॉन वाईट नाहीत हे आधीच सांगतो. ज्यांचं काम ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि फाइल्स एवढ्यावर भागतं, त्यांनी यात पडू नये. पण बाहेरची चार-पाच सॉफ्टवेअरं टाकली की पॅनेलचा, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या आयकॉनच्या पट्टीचा, शनिवारचा बाजार होतो. एक आयकॉन चौकोनी, एक गोल, एकाला सावली, एक पंधरा वर्षांपूर्वीचा. मग माणूस थीम, म्हणजे सगळ्या आयकॉनांचा एकसारखा संच, शोधायला लागतो आणि फिरून फिरून दोन नावांपाशी येतो: न्यूमिक्स सर्कल आणि पॅपिरस. दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळतात. पहिली मी दुकानात सात-आठ महिने चालवली, दुसरीला आता दोन वर्षं होत आली.

दिसायला न्यूमिक्स सर्कलच सरस, यात माझं दुमत नाही. प्रत्येक आयकॉन एकाच मापाच्या वर्तुळात. पॅनेल बघितलं की परातीत वळून ठेवलेले लाडू आठवतात, ओळीनं, एकसारखे. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकांना मुद्दाम स्क्रीन फिरवून दाखवत होतो. अडचण लाडवांचीच आहे. रव्याचा कुठला आणि बेसनाचा कुठला, हे जवळ जाऊन बघावं लागतं.

पॅपिरस तशी शिस्तीची नाही. कुठला आयकॉन चौकोनी, कुठला गोल, कुठला कागदाच्या आकाराचा. पण रंगांची जात एक, सावली टाकायची पद्धत एक, त्यामुळं एका घरातली माणसं वाटतात. शिवाय लहान मापांसाठी तिच्यात चित्रं वेगळी काढलेली आहेत. 16, 22, 24, 32, 48 पिक्सेल अशी वेगवेगळी. मोठं चित्र दाबून लहान केलेलं नाही, म्हणून बारीक पॅनेलवरही कडा स्वच्छ राहतात. माझे मॉनिटर जुने, रस्त्याकडचा उजेड थेट काचेवर येतो. तिथं हा फरक मला डोळ्यांना जाणवला. नव्या लॅपटॉपच्या चांगल्या स्क्रीनवर कदाचित जाणवणारही नाही.

एका गैरसमजाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण त्यापायी लोक थीमला उगाच नावं ठेवतात. थीम लावली तरी दोन-तीन आयकॉन जुनेच राहतात. का, तर प्रत्येक सॉफ्टवेअरची एक डॉट-डेस्कटॉप फाइल असते आणि तिच्यात आयकॉनची एक ओळ. त्या ओळीत नुसतं नाव असेल तर सिस्टिम ते आधी तुमच्या थीममध्ये शोधते, मग ती थीम ज्यांच्यावर बेतलेली आहे त्यांच्यात, आणि कुठंच नाही सापडलं तर हायकलर नावाच्या सगळ्यांच्या सामाईक कोठारात. पण त्या ओळीत चित्राचा पूर्ण पत्ताच लिहिलेला असेल तर थीमला कुणी विचारतच नाही. स्नॅप या उबुंटूवाल्यांच्या वेगळ्या पॅकेजांतून आलेली सॉफ्टवेअरं बहुतेक अशीच येतात. उपाय सोपा आहे. ती फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट-लोकल, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या जागी कॉपी करायची आणि पत्त्याच्या जागी नाव लिहायचं. मूळ फाइलीला हात लावू नये, पुढच्या अपडेटला ती परत पहिल्यासारखी होते. हे काम दोन्ही थीमला सारखंच करावं लागतं. पॅपिरसमध्ये नावांचा साठा मोठा आहे, म्हणून मला कमी वेळा करावं लागलं, एवढंच.

आता ज्यानं माझा निकाल लागला ते.

दुकानात माझ्याशिवाय दोघं असतात. गोकाकचा एक पोरगा, त्याचं लॉगिन कन्नडमध्ये. उचगावच्या काकी, त्यांचं मराठीत. मेनूत तोच प्रोग्राम एकाला एका नावानं दिसतो, दुसऱ्याला दुसऱ्या. आणि मिंटच्या 19.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 च्या डिसेंबरपासून, पॅनेलवर मुळात नावं येतच नाहीत, नुसती चित्रं. गावाचं नाव 2014 च्या 1 नोव्हेंबरला बदलून बेळगावी झालं, दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं हा कायदा 2024 ला आला. पॅनेलवरच्या चित्राला मात्र अजून तरी कुठली भाषा लागत नाही. माझं दुकान त्या चित्रांवरच चालतं.

सरकारी पोर्टलं मी वेब अ‍ॅप करून ठेवलीत. मिंटमध्ये 2021 च्या जानेवारीत, 20.1 सोबत, ही सोय आली. पोर्टलाची स्वतंत्र खिडकी होते, पॅनेलवर स्वतःचा आयकॉन येतो, टॅबच्या गर्दीत हरवत नाही. हे साधन साइटवरचंच चित्र उचलून आयकॉन करतं. माझ्या रोजच्या तीन पोर्टलांनी चित्र म्हणून काय ठेवलंय? तिघांनीही राज्याचं बोधचिन्ह. तांबडी ढाल, तीत पांढरा दोन डोक्यांचा गंडभेरुंड, दोन्ही बाजूंना पिवळे शरभ, वर सिंह. मोठ्या मापात रुबाबदार दिसतं. 24 पिक्सेलला तो एक तांबडा डाग होतो. असे तीन डाग शेजारी शेजारी.

एका सोमवारी पहाणीसाठी रांग लागलेली. मी झेरॉक्सपाशी होतो, पोऱ्याला ओरडून सांगितलं, ते तांबडं उघड. तो तिकडून म्हणतोय, "अण्णा, कुठलं तांबडं? तिन्ही तांबडीच की वो!" त्यानं पेन्शनचं उघडलं, तिथं ओटीपी मागितला, म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं घरी ठेवलेल्या मोबाइलसाठी नातवाला पिटाळलं. पहाणीला त्या ओटीपीची गरजच नव्हती. असं आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं.

मग बसून आयकॉन बदलले. वेब अ‍ॅपच्या खिडकीत आयकॉनच्या बटणावर दाबलं की थीममधलं कुठलंही चित्र घेता येतं. पहाणीला नकाशा दिला, उत्पन्न-जातीच्या दाखल्याला पुस्तक, पेन्शनला पाकीट. हे मी आधी न्यूमिक्सवरच केलं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की तिला संधीच दिली नाही. डाग गेले, पण आता तीन गोळे झाले. गोळ्याच्या आत नकाशा, गोळ्याच्या आत पुस्तक. चित्र वर्तुळात बसवायचं म्हणून लहान केलेलं, आणि काकी चष्मा नाकावर ओढून पुढं वाकून बघायच्या. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तीच नावं ठेवून थीम पॅपिरस केली, तर नकाशाची, पुस्तकाची, पाकिटाची कडाच वेगवेगळी. लांबून, तिरकं बघूनही कळतं. पोरगा आता रांगेत उभ्या माणसाशी बोलता बोलता क्लिक करतो. मी काही सेकंद मोजले नाहीत, पण "कुठलं तांबडं" हे वाक्य दुकानातून गेलं.

पॅपिरसच्या तक्रारीही आहेत. फायलींचा ढीग मोठा. जुन्या हार्डडिस्कवाल्या मशिनवर थीम बदलल्यानंतर मेनू पहिल्यांदा उघडायला अंमळ वेळ लावतो. तिचे तीन प्रकार येतात, आणि खिडक्यांची थीम काळी असताना नुसतं पॅपिरस निवडलं तर काही खिडक्यांतले बारीक आयकॉन दिसेनासे होतात. तिथं पॅपिरस-डार्क घ्यावं. नवीन पोरं विंडोजवरून येतात, त्यांना ओळखीचं चित्र थोडं बदललेलं दिसलं की पहिले दोन दिवस बुजतात. आयकॉन ही सॉफ्टवेअरची ओळख आहे, ती दुसऱ्यानं बदलू नये, असं ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या गोटातल्या काही डेव्हलपरांनी 2019 मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं. म्हणणं खोटं नाही. ज्यानं चित्र काढलं त्यानं विचार करूनच काढलं असणार. पण त्याच्यासमोर एकच आयकॉन होता, माझ्या पॅनेलवर चौदा आहेत.

एकटे बसून काम करत असाल, वाचता येणारी एकच भाषा घरात असेल आणि डेस्कटॉप देखणा हवा असेल, तर न्यूमिक्स सर्कल घ्या, मनापासून सांगतो. एका मशिनवर तीन जणं बसत असतील तर मी काय घेईन ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. वेब अ‍ॅपची खिडकी उघडल्यावर पॅनेलवर भलताच, म्हणजे ब्राउझरचाच आयकॉन दिसला, तर थीम बदलत बसू नका. त्या डॉट-डेस्कटॉप फाइलीतली खिडकीच्या वर्गाची ओळ (StartupWMClass) जुळत नसते, ती दुरुस्त करा.

एक आयकॉन मात्र मला दोन्ही थीममध्ये जमला नाही. पत्रिकांसाठीचं एक जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर वाइनमधून, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून, चालतं. वाइन त्याच्या आयकॉनला चार आकडे-अक्षरं, खाली रेघ आणि मागं डॉट-शून्य असलं विचित्र नाव देतं, ते या दोन्ही थीममध्ये मला सापडलं नाही. त्यामुळं एवढ्या नेटक्या पॅनेलवर एक राखाडी, दातेरी ठिपका तसाच बसलाय. बदलायचा म्हणून एकदा फाइल उघडलीसुद्धा. काकी म्हणाल्या, "त्याला नको हात लावू बाबा, ते मळकं मला लगेच सापडतंय."