मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिस?

प्राइम व्हिडिओची स्ट्रीमचा दर्जा तपासणारी यंत्रणा आधी मायक्रोसर्व्हिसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकींशी बोलणाऱ्या छोट्या सुट्या सर्व्हिसमध्ये, विभागलेली होती. एका सर्व्हिसने व्हिडिओच्या फ्रेम काढून एस-३ मध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडवरची फाइल साठवण) ठेवायच्या, दुसरीने तिथून उचलायच्या. या ने-आणीचं आणि सर्व्हिसमधल्या समन्वयाचं बिल फुगलं; अपेक्षित लोडच्या सुमारे ५ टक्क्यांवरच गाडी अडली. मग सगळं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकसंध प्रोग्रॅममध्ये (हाच मोनोलिथ) आणलं. फ्रेम मेमरीतच राहू लागल्या, आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटला, असं त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं.

मायक्रोसर्व्हिस वाईट नाहीत. बऱ्याच टीमना आपापल्या वेळेला डिप्लॉय करायचं (नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणायचा) असेल, तर त्याच हव्यात. पण पाच-सहा जणांच्या टीमने मोनोलिथच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आतले मॉड्यूल (एकेका कामाचे भाग) मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, म्हणजे पुढे एखादा सुटा काढता येतो.