नेरुळचा स्टॅट्सचा क्लास : शिकवणं अव्वल, झेरॉक्स भयंकर

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघते. सोबत दूरशिक्षणाने एमबीए चालू आहे. पहिल्या सेमिस्टरला बिझनेस स्टॅटिस्टिक्समध्ये दांडी उडाली, म्हणून नेरुळ स्टेशनजवळचा हा क्लास लावला. बारा रविवार, सकाळी 8 ते 11, फी 6,500. कोपरखैरण्याहून येताना गाडी सरळ मिळते. परतताना मेगाब्लॉक असला की जुईनगरला बसून पुढच्या चॅप्टरची उजळणी करायची, एवढं गृहीत धरा.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एकही सूत्र लिहिलं नाही. "तुमच्या कामाच्या जागेवरचा एक प्रश्न आणा, ज्याचं उत्तर मोजून मिळेल," एवढंच. माझ्याकडे प्रश्न तयारच होता. नाशिककडच्या एका व्यापाऱ्याच्या 50 किलोच्या गोण्या कमी भरतात, असा आमच्या शेठचा संशय. मी दहा गोण्या काट्यावर चढवून आकडे घेऊन गेले. सरांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "कुठल्या दहा?" म्हणाले. दारातल्या, हाताला लागल्या त्या. "मग हे थप्पीच्या दाराकडच्या बाजूचं वजन झालं, ट्रकचं नाही." पुढच्या ट्रकला मी गोण्यांना नंबर घातले आणि चिठ्ठ्या काढल्या. माथाडी काका म्हणाले, "ताई, लॉटरी काढताय का?"

सरासरी आली 49.4, एसडी (वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) 0.9. आधीच्या सेमिस्टरला मी डोळे मिटून झेड टेबल (फरक योगायोगाचा की खरा, हे ठरवायच्या मर्यादांचा तक्ता) उघडलं असतं. 50 पासूनच्या फरकाचं गणित केलं तर आकडा येतो 2.11 (उणे चिन्ह सोडा), झेडची मर्यादा 1.96, ती ओलांडली म्हणजे व्यापारी दोषी. पण गोण्या दहाच, आणि एसडीसुद्धा त्याच दहांवरून काढलेली. तिथे टी टेबल बघायचं, 9 डिग्री ऑफ फ्रीडमला (इथे गोण्यांपेक्षा एक कमी). मर्यादा 2.26. व्यापारी सुटला!

हे टी टेबल कुठून आलं तेही सरांनी सांगितलं. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत कामाला होता. तिथे मोजायला नमुने थोडेच असायचे. 1908 मध्ये त्याने त्यावरचा लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला, म्हणून स्टुडंट्स टी. मला वाटायचं विद्यार्थ्यांना सोपं पडावं म्हणून तसं नाव ठेवलंय.

खरी गंमत पुढे. एकाच बाजूची टेस्ट (फक्त "कमी आहे का?" एवढंच तपासणारी) घेतली तर मर्यादा 1.83, म्हणजे व्यापारी पुन्हा अडकला. मी लगेच म्हटलं, "सर, मग तीच घेऊ ना!" त्यांनी माझी वही उघडून दाखवली. तिथे माझ्याच अक्षरात "वजन 50 किलो आहे का?" असं होतं, "कमी आहे का?" असं नव्हतं. उत्तर बघून टेस्ट निवडायची नाही, प्रश्न गोणी काट्यावर चढायच्या आधी लिहायचा. बरं, कमी भरलं असं सिद्ध झालं असतं तरी लबाडी कुठे सिद्ध होते? कांदा वाटेत आटतोच. हे मात्र मला सरांच्या आधी शेठनी सांगितलं, आणि ते नववीतून शाळा सोडलेले आहेत.

आता तक्रारी. वीस जणांच्या खोलीत आम्ही पस्तीस. नोट्सची झेरॉक्स इतकी पुसट की टेबलमधला 3 आणि 8 ओळखू येत नाही. या विषयात हे म्हणजे पोळीच्या पिठात वाळू. दोनदा सांगूनही बदलून दिली नाही, शेवटी मीच टेबलं छापून वाटली. आणि पहिले नऊ रविवार रमतगमत गेल्यामुळे रिग्रेशनच्या चॅप्टरची घाई झाली, टाइम सिरीज आणि इंडेक्स नंबर हे चॅप्टर एका सकाळी उरकले. आमच्या पेपरात त्यांवर हमखास प्रश्न असतो. कॅल्क्युलेटरच्या स्टॅट मोडवर सराव जवळजवळ शून्य, तो घरी करावा लागला. ऑफिसमधल्या मॅडमना विचारलं की "पुढच्या बॅचला बघू" हे ठरलेलं उत्तर.

पेपर चार दिवसांवर आलाय आणि फक्त पास व्हायचंय, तर इथे पैसे घालवू नका, जुने पेपर सोडवा. नोकरीत आकड्यांशी गाठ असेल आणि तीन महिने हातात असतील तर डोळे झाकून जा. माझे या खेपेला 61 आले. शेठनी आता तीस गोण्या मोजायला सांगितल्यात, माथाडी काका माझ्याशी बोलत नाहीत.

आणि हो, पावणेआठलाच पोहोचा. खिडकीजवळचा तेवढाच पंखा धड चालतो.