सॅम बहादूर की पॅटन? रविवारी कुठला लावायचा

खानापूरच्या एका पोरानं विचारलंय, आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर, रविवारी सगळे मिळून बघणार, तर माणेकशॉवरचा 'सॅम बहादूर' (2023) लावू का दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनवरचा जुना 'पॅटन' (1970). पोस्टरवर काय लिहिलंय ते सोडा.

अॅक्टिंग दोन्हीकडं जबरदस्त. विकी कौशलची ती चाल, ते बोलणं, ज्यांना पिक्चर आवडला नाही त्यांनीपण त्याला नावं ठेवली नाहीत. पॅटन झालेल्या जॉर्ज स्कॉटला तर ऑस्कर मिळालं आणि त्यानं ते नाकारलं, काय म्हणायचं आता! पिक्चरला एकूण 7 ऑस्कर.

खरा फरक आहे तो गोष्टीत. सॅमवर टीका हीच झाली की सगळं इतिहासाच्या धड्यासारखं एकामागून एक येतं आणि साहेब कुठं चुकतच नाहीत, पण इंदिरा गांधींना लगेच युद्ध नको म्हणून तोंडावर सांगतो तो सीन मात्र मस्त आहे बघा. पॅटनमध्ये उलट, जनरल हॉस्पिटलात खचलेल्या जवानाला थोबाडीत मारतो ते सरळ दाखवलंय, त्यामुळं हा पिक्चर युद्धाच्या बाजूचा की विरोधातला यावर लोक अजून भांडतात. मला तेच आवडतं.

वेळ? पॅटन जवळपास तीन तास, वर इंग्रजी. सॅम अडीच तास.

आजोबा आणि बारकी पोरं असतील तर सॅमच लावा, आजोबा मध्ये मध्ये पॉज करून आपल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगणारच. पॅटन तू रात्री एकटा बघ की.